मार्फत आप्पा

सकाळी साडेसहाला आप्पा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहत आणि विचारत, "सर, किती भरलं?"

न्हावऱ्यात हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारू शकतो आणि त्याचं उत्तर घोड धरणाच्या टक्क्यांत द्यायचं असतं. म्हणून पहिल्यांदा जेव्हा आप्पा स्वतःच येऊन म्हणाले, "ऐंशी टक्के भरलं की सर," तेव्हा मी म्हणालो, "चांगलं झालं, कालव्याचं आवर्तन वेळेवर सुटेल." आप्पा समाधानाने गेले. चार दिवसांनी त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला तेव्हा कळलं, की भरत आलं होतं ते त्यांचं मेलचं खातं. एखादी गोष्ट भरणं हे वाईटही असू शकतं, हे त्यांना पटवायला मला आठवडा लागला. पटल्यावर मात्र त्यांची झोप उडाली ती उडालीच. मग रोज सकाळी तो प्रश्न, आणि मी काहीही आकडा सांगितला तरी त्यावर एकच उद्गार: "वाढतंय."

मी तिथल्या माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होतो. एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी ओढून काढला, तेव्हापासून शाळेतला आणि वस्तीवरचा संगणकाचा सगळा कारभार माझ्या गळ्यात होता. राहायला आप्पांच्या घराची पुढची खोली. हीच खोली म्हणजे पूर्वीचं गावचं पोस्ट. आप्पा तिथले पोस्टमास्तर. ते निवृत्त झाले, पोस्ट दुसरीकडे गेलं, आणि खोली भाड्याने निघाली. टपालपेटीचे दोन खिळे भिंतीत तसेच होते. मी त्यांच्यावर छत्री अडकवायचो. आप्पांना ते खपत नसे. बोलायचे काही नाहीत, पण मी शाळेतून येईपर्यंत छत्री कोपऱ्यात उभी असायची.

त्यांच्या निवृत्तीचा सत्कार झाला होता म्हणे. शाल, श्रीफळ आणि शिरूरहून आलेल्या एका पाहुण्यांचं पाऊण तासाचं भाषण. त्यात पाहुण्यांनी दुसऱ्याच गावच्या, दुसऱ्याच पोस्टमास्तरांचं कौतुक केलं. बहुधा कागद बदलला असावा. "मग तुम्ही काय केलं?" मी विचारलं होतं. "काय करणार. ऐकून घेतलं. ज्याचं होतं त्याला दुसऱ्या दिवशी जाऊन सांगून आलो." म्हणजे ते सायकलवर त्या गावी गेले आणि भाषण त्या माणसाला पोहोचतं करून आले. मला ही गोष्ट कुणी दुसऱ्याने सांगितली असती तर मी विश्वास ठेवला नसता.

वाड्यावस्त्यांवरच्या माणसाला पत्ता असा नसतो. उसात घर आणि घरापुढे ऊस. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तिथली पत्रं 'मार्फत पोस्टमास्तर' म्हणून यायची. आप्पा निवृत्त झाले तरी लोकांची सवय निवृत्त झाली नाही. निवृत्तीच्या कागदपत्रांसाठी शिरूरच्या एका सायबर कॅफेत आप्पांचं मेलचं खातं उघडलं गेलं होतं. वस्तीवर तेवढं एकच. मग कुणी पीक विम्याचा फॉर्म भरला, कुणी शिष्यवृत्तीचा, कुणी भरतीचा, की 'ईमेल' लिहिलेल्या रकान्यात आप्पांचाच पत्ता पडू लागला. मोबाइलचे नंबर सहा महिन्यांनी बदलायचे, आप्पा बदलायचे नाहीत.

पुढचं काम चौकातल्या मोबाइलवाल्या बाळूने केलं. नव्या फोनला चालू होताना एक खातं लागतं. गिऱ्हाइकाकडे ते नसतं आणि बाळूकडे वेळ नसतो. त्याने आप्पांचा पत्ता आणि पासवर्ड दुकानाच्या भिंतीवर स्केचपेनने लिहून ठेवला आणि येईल त्या फोनमध्ये तोच टाकत गेला. आप्पांनीच त्याला तो सांगितला होता, आणि अभिमानाने. "पोस्टाला कुलूप असतं, पत्त्याला कुठं असतं?"

त्यामुळे वस्तीवरचे वीसेक फोन एकाच खात्यावर चालायचे. प्रत्येकाचे फोटो आप्पांच्या खात्यात जाऊन पडायचे. प्रत्येकाचे नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये शिरायचे. एकेका फोनमध्ये 'माहेर' नावाचे सहा नंबर, 'दादा' नऊ, आणि एक 'डॉक्टर म्हशीचा', ज्याला निम्मी वस्ती स्वतःच्या तापासाठी चुकून फोन लावून बसली होती. कुणाकडे काल पनीर झालं ते दुपारपर्यंत सगळ्यांना दिसायचं. कुणाची तक्रार नव्हती. तिथे खासगी असं काही आधीही नव्हतं.

मेल आला की आप्पा तो वाचत, चष्मा पुसून पुन्हा वाचत, आणि अर्ध्या फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात उतरवून काढत. घडी घालून वर नाव लिहीत, खाकी टोपी चढवत आणि सायकलवरून त्या घरापुढे जाऊन हाक देत, "टपाल!" बुटांवर सूट असल्याची जाहिरातसुद्धा त्यांनी अशीच एका नव्वदीच्या आजींना नेऊन दिली होती. मी म्हणालो, आप्पा, निदान जाहिराती तरी गाळा. त्यावर ते म्हणाले, "टपालात काय हाय ते बघायचा अधिकार पोस्टमास्तरला न्हाई." मजकूर अक्षर न् अक्षर हाताने उतरवून झाल्यावर म्हणाले.

"अहो, फोनवर मेसेज पाठवा की त्यांना."

"मेसेज जातो, सर. टपाल द्यावं लागतं."

आणि दिलं की पोच. घेणाऱ्याने दारात सरळ उभं राहायचं, कागद छातीशी धरायचा आणि आप्पांच्या फोनच्या कॅमेऱ्याकडे बघून नाव सांगायचं, तारीख सांगायची, आणि म्हणायचं, "टपाल मिळालं." चुकलं तर पुन्हा. वाऱ्याने आवाज नीट आला नाही तर पुन्हा. बायका हसायच्या, पोरं मुद्दाम चुकीची तारीख सांगायची. आप्पा न रागावता पुन्हा घ्यायचे. एकदा मी शाळेच्या कामासाठी त्यांचा पत्ता दिला होता, तर सकाळी बनियनवर उभं राहून मलाही पोच द्यावी लागली होती.

ही पोचेची बाधा कुठून आली ते मला शंकररावांमुळे कळलं. हे शंकरराव उसाचा ट्रॅक्टर चालवायचे आणि आप्पांच्या घरावरून जाताना रोज ट्रॅक्टर हळू करून ओरडायचे, "काय आप्पा, आलं का माझं टपाल?" आप्पा खाली बघायचे. मला आधी वाटलं, गावातली नेहमीची थट्टा. मग मामींनी, म्हणजे आप्पांच्या बायकोने, एकदा भाकरी थापता थापता सांगितलं. आप्पा नोकरीला नवीन असताना शंकररावांचं पोलीस भरतीचं बोलावणं आलं होतं, रजिस्टर टपालाने. शंकरराव उसाच्या टोळीबरोबर लांब गेलेले. आप्पांनी ते त्यांच्या भावाकडे दिलं आणि सही घ्यायची राहिली. भावाने कुठे ठेवलं देव जाणे. तारीख गेली, भरती गेली. भाऊ म्हणाला, मला कुणी काही दिलंच नाही. चौकशी झाली. कागदावर आप्पांचं काही वाकडं झालं नाही. "पण तवापासून ह्यांना घास गिळंना, पयला हात खिशाला जातो, पोच घेतली का न्हाई म्हणून," मामी म्हणाल्या.

आता त्या दिवसाचं सांगतो.

समोरच्या घरात हिराबाई आणि त्यांची मुलगी आरती राहायच्या. हिराबाई रोजंदारीने कांदा काढायला जात. आरतीने शिरूरला एसटीने ये-जा करून रसायनशास्त्रात पदवी घेतली होती. कुरकुंभला एका औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेतल्या जागेसाठी तिची मुलाखत झाली होती आणि ती निवडली गेल्याचं तोंडी कळलं होतं. पत्र यायचं होतं. पत्ता अर्थातच मार्फत आप्पा.

शाळेला सुट्टी होती. अकराच्या सुमाराला आरती पळत आली. तिच्या हातात फोन होता आणि चेहरा पांढरा पडला होता.

"सर, कंपनीतनं फोन आलता. म्हणाले दोन वेळा पत्र पाठवलं, दोन्ही वेळा परत आलं. मेल भरलाय म्हणत्यात."

"दुसरा पत्ता द्यायचा ना."

"दिला की. मॅडम म्हणाल्या, पत्र आपोआप जातं, अर्जात हाय त्याच पत्त्यावर. अर्ज बंद झाल्यात, आता बदलत न्हाई. पाचला शेवटचं पाठवणार. परत आलं तर यादीतल्या फुडच्याला."

आप्पा ओट्यावर दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच. ते उठून आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "परत गेलं?"

"व्हय आप्पा."

"माझ्या पत्त्यावरनं?"

आप्पांनी गालावरचा साबण टॉवेलने पुसून टाकला. त्या दिवशी उरलेली दाढी झालीच नाही.

मी खातं उघडलं. पंधरा जीबी, सगळे भरलेले, वर लाल पट्टी. मी म्हणालो, सोपं आहे, इतर सगळे फोन ह्या खात्यातून बाहेर काढू, पासवर्ड बदलू, मग निवांत साफ करू. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पोस्टाला टाळं लावायला सांगितलं.

"लोकांचा पत्ता काढून घ्यायचा? दार लावून टपाल वाटता येत न्हाई, सर."

"मग फोटो काढून टाकावे लागतील."

"काढा. पण लोकांची मालमत्ता हाय. ज्याची त्याला इचारून."

इथे काढलेला फोटो ज्याच्या त्याच्या फोनमधूनही जाणार होता, म्हणून त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि म्हणूनच मला त्याचा राग आला. आप्पांनी एक वही घेतली, टोपी घातली आणि आम्ही तिघे घरोघर निघालो. आप्पा फोन पुढे धरायचे. "हे तुझं का? काढू का?" होकार आला की वहीत सही. आरती दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायची.

माणसं काय काय साठवतात ते मी त्या दिवशी पाहिलं. एका बाईंचे स्वतःच्या अंगठ्याचे चाळीस फोटो होते. ते त्यांनी उदार मनाने दिले. सुप्रभाताचे फुलांचे संदेश मात्र द्यायला कुणी तयार नव्हतं. "सकाळ सकाळ देवाचं नाव हाय, ते कसं पुसायचं?" दशरथनानांकडे एकाच म्हशीचे लांबलचक व्हिडिओ होते. रवंथ करताना, पाणी पिताना, काही न करताना.

"नाना, ही म्हैस गोठ्यात आहेच की. व्हिडिओ कशाला?" मी म्हणालो.

"ती दुसरी. ही विकली, पोरीच्या लग्नात." नाना फोनकडेच बघत होते. मग आरतीकडे बघितलं. "कितीला यायचंय तुझं?"

"पाचला, नाना."

"मग काढा. एक ठिवा. पाणी पितानाची."

आप्पांनी सही घेतली.

दोनच्या सुमाराला परत येऊन बघितलं तर लाल पट्टी जशीच्या तशी. मग माझ्या लक्षात आलं, की काढलेलं सगळं आधी कचरापेटीत जातं, तिथे साठ दिवस राहतं आणि तेवढे दिवस जागाही अडवतं. आप्पांना ही व्यवस्था फार आवडली. "साठ दिस वाट बघत्यात? भलं खातं हाय मग." मी पेटी रिकामी केली. पट्टी जरा सरकली. आरतीने श्वास सोडला. दहा मिनिटांत पट्टी पुन्हा लाल झाली. वस्तीवरचे वीस फोन आपापले फोटो वर चढवायला कधीचे ताटकळत बसले होते. थोडी जागा दिसली की सगळे एकदम घुसायचे, टँकरपुढे घागरी घुसाव्यात तसे. पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. तीन वाजले. हिराबाई कामावरून अर्ध्या दिवसाने परत आल्या आणि काही न विचारता ओट्याच्या पायरीवर बसल्या. त्यांच्या हाताला कांद्याचा वास येत होता आणि त्या हातातला विळा खाली ठेवायला विसरल्या होत्या.

एक गोष्ट मला सकाळीच दिसली होती आणि मी ती बोललो नव्हतो. खात्यात निम्म्याहून जास्त जागा एकाच माणसाच्या वस्तूंनी व्यापलेली होती. पोचांनी. शेकडो व्हिडिओ, सगळे आप्पांचे. सायकलवरून उतरल्यापासून सायकलवर बसेपर्यंत फोन चालूच राहायचा, त्यामुळे प्रत्येक पोच म्हणजे पाच-सहा मिनिटांचा चित्रपट. ते गेले तर कितीही घागरी आल्या तरी जागा उरली असती.

पावणेचारला मी ते सांगितलं. फोन त्यांच्यापुढे धरला. छोटे छोटे चौकोन, प्रत्येकात एकेक माणूस, छातीशी कागद धरून सरळ उभा.

आप्पा चौकोन बघत राहिले. "ह्ये सोडून काय?"

"हे सोडून काहीच नाही."

"रेकॉर्ड हाय ते, सर."

"मला माहीत आहे."

ते उठले, आत गेले, पाणी प्यायले, बाहेर आले. पुन्हा बसले. पुन्हा उठले. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. आरती म्हणाली, "आप्पा, ऱ्हाऊ द्या. मी दुसरीकडं बघीन." हे तिने इतक्या घाईने म्हटलं की कुणाचाही त्यावर विश्वास बसला नाही.

तेवढ्यात रस्त्यावर ट्रॅक्टर हळू झाला. शंकररावांनी नेहमीसारखी मान बाहेर काढली. "काय आप्पा, आलं का माझं टपाल?"

आप्पांनी खाली बघितलं नाही. "तुझं गेलं, शंकर," ते म्हणाले. "माझ्याच हातनं गेलं. आज हिचं आडकलंय. फुडं जा, आवाजानं काय सुचंना."

शंकररावांनी आमच्याकडे, हिराबाईंकडे, आरतीच्या हातातल्या फोनकडे बघितलं. मग इंजिन बंद केलं आणि ट्रॅक्टर तिथेच रस्त्यात ठेवून बसून राहिले.

आप्पांनी फोन मांडीवर घेतला. "सर, एक सांगा. उद्या कुणी चौकशी केली, अमक्याला टपाल मिळालं का न्हाई, तर मी काय दाखवायचं?"

"आप्पा, कुणीही चौकशी करणार नाही."

मी धीर द्यायला म्हणालो होतो. वाक्य तोंडातून गेल्यावर मला ऐकू आलं. ज्या चौकशीसाठी हा माणूस रोज टोपी घालून, सायकल काढून, लोकांना उन्हात उभं करत होता, ती कधीच होणार नव्हती. ही गोष्ट वस्तीवर सगळ्यांना माहीत होती आणि इतक्या वर्षांत ती त्यांना कुणी सांगितली नव्हती. भाषणं ठोकणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आलो. त्यातल्या कुणी आप्पांना इतकं दुखावलं असेल असं मला वाटत नाही.

"व्हय," आप्पा म्हणाले. "ते बी खरंच."

निवडायचं कसं ते मी दाखवलं. बोट टेकवून खाली ओढत न्यायचं, चौकोनावर खुणा उमटत जातात. ते ओढत गेले. मधेच थांबायचे. "ही चिंचणीची म्हातारी. गेली गेल्या साली." बोट पुढे सरकायचं. बनियनमधला मीही त्यात गेलो. शेवटी 'कायमचं काढून टाकायचं का?' अशी विचारणा आली. मी हात पुढे केला, तर त्यांनी फोन बाजूला घेतला. "न्हाई. शिक्का मीच मारणार." आणि दाबलं. मग पेटी रिकामी करायची, तिथे पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा दाबलं.

साडेचार झाले होते. पट्टी लालच. "लगेच दिसत नाही, वेळ लागतो," मी म्हणालो. हे खरं होतं, पण माझा आवाज मलाच खोटा वाटला. पावणेपाच. लाल. आरती पायरीवर आईला टेकून बसली. पाचला पाच मिनिटं असताना पट्टी एकदम निम्म्यावर आली आणि निळी झाली. पाच वाजले. पाच वाजून पाच मिनिटं झाली. आता जागा होती आणि टपाल नव्हतं. दोनदा परत गेलेलं तिसऱ्यांदा पाठवायचा कंटाळा केला असेल तर? हा विचार प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होता. पाच वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला, तो बुटांच्या जाहिरातीचा. हिराबाईंनी डोळे मिटून घेतले.

पाच वाजून सतरा मिनिटांनी पत्र आलं.

आरती झेपावली, तर आप्पांनी फोन छातीशी धरला. "घरी जा," ते म्हणाले. "टपाल घरी येतं."

"आप्पा, अहो, दाखवा तरी—"

"जा, पोरी."

ती गेली. आप्पा आत जाऊन बसले. चष्मा पुसला, अर्ध्या फुलस्केपवर पत्र उतरवलं. होकार दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळवायचा होता, म्हणून मी दात आवळून गप्प बसलो. समोरचं दार वीस पावलांवर, तरी त्यांनी सायकल काढली आणि हातात धरून चालवत नेली. टोपी होती. अर्धा गाल दाढीचा होता.

"टपाल!"

आरतीने दोन्ही हातांनी कागद घेतला. वाचला. हिराबाई म्हणाल्या, "काय लिवलंय गं?" आरती म्हणाली, "घेतलं, आई. घेतलं मला." मग तिने सवयीने ओढणी नीट केली, कागद छातीशी धरला आणि सरळ उभी राहिली. समोर फोन नव्हता. आप्पांचे दोन्ही हात सायकलच्या मुठींवर होते.

"आप्पा," ती म्हणाली, "पोच?"

"बोल. ऐकतोय मी."

तिने नाव सांगितलं. तारीख सांगितली. "टपाल मिळालं," असं म्हणाली. रस्त्यावर ट्रॅक्टर अजून बंदच होता, त्यामुळे तिचा आवाज नीट आला. पोच पुन्हा घ्यावी लागली नाही.